द्राक्षांचा व तेलाचा मुलूख : स्पेन देशांतील प्रिओरात येथील जुनीं गांवें

अलीकडे आपल्याकडील बागायतदार मंडळींत 'कृषि-पर्यटन' हा शब्द वारंवार कानीं पडूं लागला आहे. महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं त्यासाठीं स्वतंत्र धोरणहि ठरविलें. शेतावर दोन खोल्या बांधाव्या, शहरांतील पाहुणे बोलवावे, त्यांस हुरडा व पिठलें-भाकरी द्यावी आणि चार पैसे जोडावे, अशी ही कल्पना आहे. कल्पना वाईट नाहीं. परंतु पाहुण्याच्या येण्यानें गांव तगतें, कीं तगलेल्या गांवांतच पाहुणा येतो, याचा विचार आपण आधीं केला पाहिजे. या दृष्टीनें स्पेन देशाच्या ईशान्येस कातालोनिया प्रांतांत असलेल्या प्रिओरात नांवाच्या लहानशा डोंगरी तालुक्याची, व त्यास लागून असलेल्या ऑलिव्हच्या मुलखाची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. ऑलिव्ह म्हणजे ज्यास आपण जैतून म्हणतों तेंच झाड. या लेखांत वाइनचा उल्लेख वारंवार येईल. तो मद्यपानाची भलामण करण्यासाठीं नाहीं. द्राक्षें पिकविणाऱ्याच्या मालाचें पुढें काय होतें हें सांगण्यापुरताच तो आहे, हें आरंभींच सांगून ठेवितों.

मुलखाची ठेवण

बार्सिलोना शहराच्या नैर्ऋत्येस समुद्रकांठीं तारागोना शहर आहे. रोमन अमदानींत तें एका मोठ्या प्रांताची राजधानी होतें, आणि त्या काळचे तेथील अवशेष २००० सालीं जागतिक वारशाच्या यादींत घेतले गेले. किनारा सोडून पश्चिमेकडे डोंगर चढून गेलें म्हणजे फाल्सेत हें प्रिओरात तालुक्याचें मुख्य ठिकाण लागतें. उत्तरेस मोंसांत नांवाचा कड्यांचा डोंगर किल्ल्याच्या तटासारखा उभा आहे. तो तट आणि फाल्सेत यांच्या दरम्यान ग्रातालॉप्स, पोर्रेरा, पोबोलेदा, तोरोझा, ला मोरेरा इत्यादि गांवें टेकड्यांच्या माथ्यांवर व ओढ्यांच्या कांठीं वसलीं आहेत. गल्ल्या अरुंद, घरें दगडी व एकमेकांस चिकटलेलीं, आणि मध्यें चर्चचा मनोरा, अशी बहुतेक गांवांची धाटणी आहे.

येथील जमीन पाहिली तर आपल्याकडील शेतकरी तिच्यांत पेरणी करण्यास धजणार नाहीं. पाटीच्या दगडाचे काळसर, तांबूस पापुद्रे एकावर एक रचलेले असावे तसे हे उतार आहेत. माती जवळजवळ नाहींच. स्थानिक लोक या दगडास 'लिकोरेल्या' म्हणतात. पाऊस वर्षाकाठीं साधारण ४०० ते ६०० मिलिमीटर, म्हणजे १६ ते २४ इंच पडतो, आणि तोहि मुख्यतः शरद व वसंत ऋतूंत. उन्हाळा कोरडा जातो. अशा ठिकाणीं द्राक्षवेलाचीं मुळें पाण्याच्या शोधांत दगडाच्या भेगांतून खोल उतरतात. उत्पन्न अर्थातच थोडें येतें. नियमाप्रमाणें दर हेक्टरीं ६,००० किलोंहून अधिक द्राक्षें घेण्याची मुभा नाहीं, म्हणजे एकरीं सुमारें २,४०० किलो. आणि जुन्या मळ्यांतून तेवढींहि निघत नाहींत. नाशिक-सांगलीकडे खाण्याच्या द्राक्षांचें पीक एकरीं आठ-दहा टन काढणाऱ्या बागाइतदारास हा आंकडा हास्यास्पद वाटेल. परंतु हें पीक निराळ्या कामाचें व निराळ्या भावाचें आहे.

कित्येक उतारांवर ट्रॅक्टर चालत नाहीं. तेथें आजहि खेंचर व कुदळ यांचें काम पडतें. जेथें शक्य झालें तेथें पूर्वजांनीं चुना-मातीवांचून दगडावर दगड रचून ताली घातल्या. अशा कोरड्या दगडकामाची विद्या २०१८ सालीं स्पेन, इटली, फ्रान्स, ग्रीस आदि आठ देशांच्या नांवें जागतिक अमूर्त वारशांत नोंदली गेली. गांवांतील चर्चपेक्षां या तालींवर मनुष्यांचे श्रम अधिक खर्ची पडले असतील, असें त्या पाहतांच मनांत येतें.

मठ आणि डोंगरावरील गढी

मोंसांतच्या पायथ्याशीं एस्कालादेई नांवाचा मठ आहे. आरागोनचा राजा दुसरा आल्फोन्सो याच्या आश्रयानें कार्थूसी संप्रदायाच्या संन्याशांनीं ११९४ सालीं त्याची स्थापना केली. त्या संप्रदायाचा तो स्पेनांतील पहिला मठ होय. नांवाचा अर्थ 'देवाची शिडी' असा आहे. पाइन वृक्षाला टेकलेल्या शिडीवरून देवदूत चढतांना एका धनगरानें पाहिले, अशी दंतकथा आहे. मठाधिपतीस 'प्रिओर' म्हणत, आणि त्याच्या सत्तेखालील मुलूख म्हणून या तालुक्यास प्रिओरात हें नांव पडलें. संन्याशांनीं मौन पाळलें, तशीच द्राक्षांची लागवडहि वाढविली. पण आसपासच्या गांवांचे ते धनीहि होते, आणि धान्य, द्राक्षें व तेल यांचा वांटा रयतेकडून मठांत जात असे. १८३५ सालीं सरकारनें मठ बंद केले. संन्यासी गेले, मठ लुटला व जाळला गेला, आणि त्याच्या दगडा-तुळयांवर पुष्कळांनीं हात मारला. आज तेथें भग्न भिंती, कमानी आणि पाहणारांसाठीं पुन्हां उभारलेली संन्याशाची एक कोठडी व तिची बाग एवढें दिसतें. रयतेच्या वांट्यावर बांधलेलें वैभव रयतेच्या प्रेमावांचून कितपत टिकतें, याचा हा पुरावाच म्हणावा.

मोंसांतच्या पूर्वेस एका उंच सुळक्यासारख्या कड्यावर सिउराना हें गांव आहे. कातालोनियांतील मुसलमान अमदानीचें हें शेवटचें ठाणें. तें ११५३ च्या सुमारास पडलें. शत्रूच्या हातीं पडूं नये म्हणून तेथील राणीनें घोड्यासह कड्यावरून उडी टाकली, व घोड्याच्या नालाची खूण खडकावर उमटली, असें सांगून लोक ती खूण दाखवितात. गढीचे अवशेष, एक जुनें दगडी चर्च आणि मोजकीं घरें एवढाच हा गांव. कायमची वस्ती अगदीं थोडी. खालीं धरणाचें पाणी दिसतें. त्या पाण्याबद्दल पुढें सांगूं.

वेल मरेपर्यंतची कुळवहिवाट

महसुली दप्तरांत उभें आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यास या प्रांताच्या इतिहासांत सर्वांत लक्ष देण्याजोगी वाटली ती तेथील कुळवहिवाट. बार्सिलोना व तारागोना यांच्या दरम्यानच्या पेनेदेस भागांत विशेषेंकरून, व कातालोनियाच्या इतर द्राक्षप्रदेशांतहि कमीअधिक प्रमाणांत, 'राबासा मोर्ता' नांवाचा करार चालत असे. 'राबासा' म्हणजे वेलाचें खोड व 'मोर्ता' म्हणजे मेलेलें. मालकानें पडीत जमीन द्यावी. कुळानें ती फोडून वेल लावावे व पिकाचा ठरीव वांटा घालावा. आणि लावलेले वेल जगतील तोंवर जमीन कुळाकडे राहावी, अशी त्यांतील अट असे. पुष्कळ करारांत दोन-तृतीयांश वेल मेले म्हणजे मुदत संपली असें धरीत. कुळें हुशार होतीं. म्हाताऱ्या वेलाची फांदी जमिनींत दाबून तीं त्याच जागीं नवा वेल उभा करीत. त्यामुळें मळा कधीं मरतच नसे. यावरून तंटे माजले आणि १७५६ सालीं बार्सिलोनाच्या वरिष्ठ न्यायालयानें अशा करारास ५० वर्षांची मर्यादा घातली.

पुढें या वादांत एका किडीनें उडी घेतली. फायलॉक्सेरा ही माव्याच्या जातीची अतिसूक्ष्म कीड अमेरिकेंतून युरोपांत आली व द्राक्षाच्या मुळांवर बसून वेल मारूं लागली. १८६० नंतर फ्रान्सचे मळे ओस पडूं लागले, तेव्हां कातालोनियाची वाइन चढ्या भावानें खपली आणि लोकांनीं डोंगरमाथ्यापर्यंत वेल लावले. शेजाऱ्याच्या दुर्दैवावर आलेली ती बरकत थोडेच दिवस टिकली. १८७८ सालीं कीड स्पेनच्या दक्षिणेस मालागा येथें व १८७९ सालीं फ्रान्सच्या सरहद्दीवरून कातालोनियांत शिरली, आणि पुढील वीस वर्षांत तिनें जवळजवळ सर्व मळे खाल्ले. औषध एकच सांपडलें : ज्या अमेरिकन जातींच्या मुळांस ही कीड मारूं शकत नाहीं, त्यांच्या खुंटावर युरोपियन वेलाचें कलम करणें. आपल्याकडे आज 'डॉगरिज' खुंटावर द्राक्षें बांधतात तो खुंटहि अमेरिकन वंशाचाच. मात्र आपण तो क्षार व पाण्याची टंचाई यांकरितां वापरतों.

आतां कुळांचें काय झालें तें पाहा. जुने वेल मेले, म्हणजे करारहि मेले, असें मालक म्हणूं लागले. नवा मळा कलमी. त्याचें आयुष्य कमी. शिवाय कलमी वेलाची फांदी जमिनींत दाबली तर तिला स्वतःचीं मुळें फुटतात, आणि त्या मुळांवर कीड बसते. म्हणून मुदत वाढविण्याची ती जुनी युक्तिहि गेली. रोगावर उपाय सांपडला, पण त्याच उपायानें कुळाचा हक्क तोकडा झाला. १९२२ सालीं या कुळांनीं आपला संघ स्थापिला. मार्च १९३४ मध्यें कातालोनियाच्या विधिमंडळानें कुळास जमीन विकत घेण्याचा हक्क देणारा कायदा केला; तो जून १९३४ मध्यें माद्रिद येथील न्यायालयानें रद्द ठरविला. पुढें यादवी युद्ध झालें, व १९३९ नंतर हा प्रश्न दडपला गेला. बार्सिलोनाहून तारागोनाकडे जातांना पेनेदेसमध्यें सांत सादुर्नी हा गांव लागतो. तेथें दर सप्टेंबरांत फायलॉक्सेरा किडीचें भलेंमोठें पिवळें सोंग दारूकामासह रात्रीं मिरवितात. ती नुसती करमणूक नाहीं. एका पिढीच्या संकटाची ती आठवण आहे.

शेतकऱ्यांनीं बांधलेलीं 'देवालयें'

किडीनंतर लहान शेतकऱ्यास सावरलें तें सहकारानें. आपल्याकडे सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ सालीं झाला; स्पेनांत शेतकी संघांचा कायदा १९०६ सालीं झाला. वाइन करावयाची तर घाणा, टांक्या, पिंपें व थंड जागा लागते. एकट्या शेतकऱ्यास हें झेपत नाहीं, आणि द्राक्षें तर दोन दिवसहि थांबत नाहींत. म्हणून व्यापाऱ्याच्या हातीं पडेल त्या भावानें माल देणें भाग पडे. गांवोगांवच्या संघांनीं कर्ज काढून स्वतःचीं कोठारें बांधण्यास घेतलीं. सेझार मार्तिनेल या वास्तुशास्त्रज्ञानें १९१८ नंतरच्या थोड्या वर्षांत अशा कित्येक इमारतींचे आराखडे केले. फाल्सेत व गांदेसा येथील कोठारांचीं कामें १९१९ सालचीं. पैसा थोडा म्हणून लोखंड व दगड टाळून त्यानें साध्या विटांच्या उंच कमानी उभारल्या. टांक्यांभोंवतीं हवा खेळावी व उन्हाळ्यांत आंत गारवा राहावा अशी योजना केली. लोक या इमारतींस 'वाइनचीं देवालयें' म्हणतात. आज त्या पाहण्यास दूरदूरचे प्रवासी येतात. बांधणारांनीं मात्र त्या प्रवाशांसाठीं बांधल्या नव्हत्या. वजनकाट्यावर आपला माल आपल्याच मंडळीनें घ्यावा, एवढ्यासाठींच त्या उभ्या राहिल्या, आणि फाल्सेत येथें आजहि सभासदांचीं द्राक्षें त्याच कामासाठीं येतात.

ओसाडी व पुन्हां बहर

एवढें करूनहि विसाव्या शतकांत हा तालुका रिता होत गेला. वाइन मोघम, पिंपांनीं व स्वस्त विकली जाई. तरुण माणसें रेउस, तारागोना व बार्सिलोना येथील कारखान्यांकडे गेलीं. ताली ढासळल्या आणि मळ्यांत पाइन वाढले. मालाचें नांव राखणारा प्रिओरातचा कायदेशीर शिक्का १९५४ सालीं मिळाला, तरी नुसत्या शिक्क्यानें लागवडीची घसरण थांबली नाहीं. पुढें कांहीं नव्या मंडळींनीं ग्रातालॉप्स येथें जमिनी घेतल्या, आणि १९८९ च्या हंगामांत एकाच कोठारांत मिळून वाइन केली. त्यांचें यश मोठें झालें. परंतु त्या यशाचा पाया म्हणजे म्हाताऱ्या शेतकऱ्यांनीं न उपटलेले जुने कारिन्येना व गार्नाचा जातीचे वेल होत, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. २००० सालीं प्रिओरातला वरिष्ठ दर्जा मिळाला. स्पेनांत वाइनचा हा दर्जा रिओखा (१९९१) व प्रिओरात या दोघांसच आहे. आज सुमारें दोन हजार हेक्टर लागवड व शंभरांवर कोठारें आहेत. मुलखाचे बारा विभाग पाडून बाटलीवर त्या त्या गांवाचें नांव घालण्याची सोयहि केली आहे. आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षांस व वाइनला भौगोलिक मानांकन मिळालें आहे. त्याच्या पुढची ही पायरी समजावी.

तरीहि सर्व आलबेल आहे असें कोणी समजूं नये. साऱ्या तालुक्याची वस्ती आज दहा हजारांच्या आंत आहे. कित्येक घरें शहरांतील मालकांचीं असून सुटीपुरतीं उघडतात, आणि हंगामांत मजूर बाहेरून आणावे लागतात.

डोंगरापलीकडील तेल

मोंसांतच्या उत्तरेस लेस गार्रिगेस नांवाचा कोरडा पठारी मुलूख आहे. येथें ऑलिव्ह व बदाम हींच मुख्य झाडें. 'आर्बेकीना' ही ऑलिव्हची जात याच भागांतील आर्बेका गांवाच्या नांवावरून ओळखली जाते. फळ अगदीं लहान. परंतु तेल गोडसर व सुवासिक. सुमारें पांच किलो फळांपासून एक किलो तेल निघतें. लेस बोर्झेस ब्लांकेस हें या तेलाचें पेंठगांव. येथील तेलास १९७५ सालीं नांवाचा शिक्का मिळाला. ऑलिव्ह तेलाच्या बाबतींत स्पेनांतील तो पहिला होय. फेब्रुवारी १९५६ मधील कडाक्याच्या थंडीनें कातालोनियांतील असंख्य झाडें गोठून मेलीं. कित्येक खोडांस बुडापासून नवे फुटवे आले, आणि आज एकाच बुंध्यांतून दोन-तीन खोडें दिसतात तीं त्या वर्षाची आठवण देतात.

पूर्वीं फळें दगडी जात्याखालीं भरडून, तो लगदा गवती चटयांत घालून दाबीत. आतां बंद यंत्रांत फिरवून तेल व पाणी वेगळें करितात. उत्तम तेलाचें गमक दोन गोष्टींत आहे : फळ जमिनीवर पडण्यापूर्वीं तोडणें व त्याच दिवशीं घाण्यावर नेणें. ज्या तेलांत आम्लतेचें प्रमाण शेंकडा ०.८ हून अधिक नाहीं आणि ज्यास चवींत कांहीं दोष नाहीं, त्यासच सर्वोच्च प्रत देतात. येथेंहि घाणा बहुतेक गांवाच्या सहकारी मंडळीचाच असतो.

पाण्याचा प्रश्न

सिउरानाच्या कड्याखालील धरणाचें पाणी बोगद्यांतून रिउदेकान्येस येथील जलाशयांत नेतात व तेथून तें किनाऱ्याकडील रेउस शहरास आणि तिकडील बागाइतदारांस मिळतें. डोंगरांतील लोकांची तक्रार अशी कीं, नदी आमची असून तिचें पात्र कोरडें पडतें. आपल्याकडील खोऱ्या-खोऱ्यांतील भांडणें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस हा वाद नवा वाटणार नाहीं. २०२१ पासून तीन वर्षें जें अवर्षण पडलें, त्यांत हे दोन्ही जलाशय जवळजवळ आटले. फेब्रुवारी २०२४ मध्यें बार्सिलोना भागांत पाणीटंचाईची आणीबाणी जाहीर झाली. प्रिओरातच्या उतारांवर जुने वेलसुद्धां वाळले. साऱ्या स्पेनचें ऑलिव्ह तेल २०२१-२२ च्या हंगामांत सुमारें १५ लाख टन निघालें होतें, तें २०२२-२३ मध्यें साडेसहा लाखांच्या आसपास आलें. अशा वर्षीं भाव वाढतो. परंतु ज्याच्या झाडास फळच नाहीं त्यास भावाचा उपयोग काय?

पाहण्यास जाणारांस

बार्सिलोनाहून फाल्सेत-मार्सा स्थानकापर्यंत आगगाडी जाते. पुढें गांवें पाहण्यास स्वतःची मोटार किंवा पायांची तयारी पाहिजे. तालुक्यास वळसा घालणारी खुणा केलेली पायवाट आहे, आणि ला मोरेराहून मोंसांतच्या कड्यावर चढण्याच्या बिकट वाटा आहेत. द्राक्षांची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरांत व ऑलिव्हची साधारण नोव्हेंबरापासून चालते. मे महिन्याच्या आरंभीं फाल्सेत येथें वाइनची जत्रा भरते. दुपारीं दुकानें बराच वेळ बंद असतात. कोठार किंवा घाणा पाहावयाचा तर आधीं कळवून वेळ ठरवावी. आणि कोणाच्याहि तालीवर चढूं नये, एक दगड निसटला तर पावसांत सारी ताल जाते.

आपल्या मंडळींस यांतून घेण्याजोगें काय, तें थोडक्यांत सांगतों. प्रिओरातमध्यें पाहुणा आला तो जमिनीचा माल जगाच्या बाजारीं नांवानिशीं गेल्यावर, आधीं नव्हे. ज्या गोष्टी तो पाहतो, म्हणजे ताली, जुने वेल, विटांचीं कोठारें व घाणे, त्या साऱ्या शेतीच्या गरजेनें झाल्या व शेती चालूं आहे तोंवरच उभ्या राहतील. पाहुण्याचा पैसा ही वरकमाई आहे. तिच्यावर घर चालवूं पाहणारानें पाऊस, भाव व कुळाचा हक्क यांकडे काणाडोळा केल्यास सुटींत उघडणारीं बंद घरें तेवढीं मागें राहतात. म्हणून शेतावर पाहुण्यांसाठीं खोली बांधण्यापूर्वीं आपल्या गांवांतील सोसायटीचें कोठार, वजनकाटा व बांधबंदिस्ती यांची स्थिति प्रत्येकानें एकदां पाहून यावी, आणि त्यांपैकीं जें पडीक असेल तें आधीं उभें करावें, अशी आमची सभासदांस विनंति आहे.